मापाचा ब्लाउज

आईला बहात्तराव्या वर्षी पहिल्यांदाच पंजाबी ड्रेस घ्यायचा होता. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर साडीच्या निऱ्या पायात येतात. एसटीची पायरी चढताना एका हाताने निऱ्या आणि दुसऱ्या हाताने दांडा धरला तर काठी कुठल्या हाताने धरायची, असा तिचा सरळ हिशोब. पडवीच्या ज्या कोपऱ्यात रेंज येते तिथे बसून मी मोबाईलवर ड्रेस दाखवत होते आणि ती तांदूळ निवडता निवडता मान हलवत होती. रंग ठरला, गळा ठरला, बाह्या कोपराच्या खाली हव्यात हे ठरलं. मग स्क्रीनवर ‘साईज निवडा’ आलं. एस, एम, एल, आणि पुढे एक्सांची रांग. मी विचारलं, तुझी साईज काय? तिने सुपातून डोकंही वर काढलं नाही. म्हणाली, “त्येंका मापाचो ब्लाउज धाडून दी मगे.”

मी हसले. रात्री मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. या बाईने आयुष्यभर कपडे घातले, शिवून घेतले, उसवले, दुसऱ्यांना दिले, आणि तिला साईज नाही. म्हणजे अंगाला माप आहे, पण ते आकड्यात कधी कुणी तिला सांगितलेलं नाही आणि तिनेही विचारलेलं नाही. ते माप एका जुन्या ब्लाउजात राहतं. तो ब्लाउज कपाटात सगळ्यात खाली, जुन्या पिशवीत गुंडाळलेला असतो. काखेत विटलेला, हुकांपैकी एक गंजलेला, मूळचा मोरपंखी असावा असा आता नुसता संशय येतो. घालायचा बंद होऊन किती तरी वर्षं झाली, पण टाकायचा नाही, कारण तो ‘बसणारा’ आहे. घरातल्या चार नव्या ब्लाउजांना जी किंमत नाही ती त्या फाटक्याला.

गणपतीच्या आधी, म्हणजे चवथीच्या तोंडावर, हे सगळे मापाचे ब्लाउज आमच्या बाजारातल्या शिंप्याच्या दुकानात जमा व्हायचे. पाऊस कोसळत असायचा, दुकानाच्या पत्र्यावरचा आवाज आणि मशीनच्या पायट्याचा आवाज एकमेकांत मिसळलेला. ओलसर कापडाचा, मशीनच्या तेलाचा आणि कोळशाच्या इस्त्रीखाली तापणाऱ्या रुबियाचा एक वास असायचा, जो मला अजून श्रावण म्हटलं की आठवतो, फुलांच्या आधी. बायका छत्र्या बाहेर ठेवून आत यायच्या. “मापाचो हाडलंस काय गो?” एवढाच प्रश्न. हाडलेला असला की मास्तर तो नव्या कापडावर पालथा पसरायचे, हाताने सुरकुत्या काढायचे आणि कडेने खडू फिरवायचे. वहीत नाव, गावचं नाव, पुढे कापडाचा एक तुकडा टाचणीने लावलेला. मुंबईचे चाकरमानी यायच्या आत सगळं हवं असायचं आणि सगळं कधीच मिळायचं नाही. गौरीच्या दिवशी ओवशाला आलेल्या नव्या सुनेच्या ब्लाउजाला हूक नसून टाचण्या आहेत, हे सगळ्या वाडीला दिसायचं आणि कुणी बोलायचं नाही.

ज्यांच्याकडे मापाचा ब्लाउज नसायचा, म्हणजे आमच्यासारख्या वयात येणाऱ्या मुली, त्यांना टेपसमोर उभं राहावं लागायचं. मास्तर सज्जन होते. माप घेताना टेप दोन बोटांच्या चिमटीत धरून ते समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचे, जणू एकादशी कधी आहे ते शोधताहेत. पण आकडा मात्र मोठ्याने सांगायचे, कारण लिहिणारा पोरगा दुकानाच्या दुसऱ्या टोकाला मशीनवर बसलेला. “छाती 34. कंबर 30.” बाकड्यावर बसलेल्या बायका ऐकायच्या. मागून एखादी हळूच म्हणायची, “आवशीच्या वळणावर गेलां.” तो आकडा पाठीवर चिकटवल्यासारखा घेऊन घरी जायचं. आई कायम मापाचा ब्लाउजच का द्यायची, ते मला तेव्हा समजलं. परक्या पुरुषाचा टेप आणि परक्या बायकांचे कान, दोन्ही टळायचे. जुन्या शिंप्यांबद्दल हल्ली जे गोडगोड लिहिलं जातं ते वाचताना हे बाकडं मला आठवतं.

तरीही त्या शिवणीतल्या एका गोष्टीबद्दल मला आदर आहे.

मास्तर प्रत्येक ब्लाउजात आत माया सोडायचे. दोन्ही बाजूंना काखेखाली इंच-दीड इंच कापड दुमडून आत ठेवलेलं आणि त्यावर दोन-तीन टिपा समांतर मारलेल्या. बाळंतपण झालं, एक टीप उसवायची. आजारपणात अंग उतरलं, नवी टीप मारायची. चाळिशीनंतर दुसरी उसवायची. ब्लेडने टीप उसवताना धाग्याचा जो बारीक कटकट आवाज येतो तो आमच्या माजघरात दुपारचा नेहमीचा होता. उसवलेल्या जागी कापडाचा मूळ रंग पट्टीसारखा दिसायचा, ऊन न लागलेला. ती पट्टी पाहून बाई किती सुटली हे कळायचं, पण ब्लाउज तोच राहायचा आणि बाईही तीच राहायची. अंग बदलणार हे शिवणाऱ्याने आधीच धरून चाललेलं असायचं. आता यात एक गोम आहे. पंधराव्या वर्षी शिवलेल्या माझ्या ब्लाउजात माया जास्त होती आणि तिचं कारण मास्तरांनी आईला सांगितलं होतं: लग्नानंतर लागेल. म्हणजे त्या दीड इंचात माझ्या पुढच्या आयुष्याचा बेत कुणी तरी घडी घालून ठेवला होता. सोय होती हे खरं, आणि गृहीत धरणंही होतं.

आजीकडे तर टेपही नव्हता. ती स्वतःची गाठीची चोळी हाताने शिवायची आणि मापं घ्यायची वितीने आणि बोटांनी, तीही स्वतःच्याच. पाठ एवढ्या विती, बाही वीत आणि चार बोटं. पुढे हूक नाहीत, बटणं नाहीत, दोन टोकांची गाठ. अंग वाढलं तर गाठ जरा टोकाला, कमी झालं तर जरा आत. खालचं लुगडं नऊवारी. अंगाने लहानखुरी असली तर आठवारीत भागायचं. लावणीला निघाल्या की तेच लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं, चिखलातून बाहेर आल्यावर पुन्हा खाली सोडलेलं. आजीच्या अंगावर आयुष्यभरात असा एकही कपडा आला नसेल ज्याला तिने ‘हा मला होत नाही’ म्हटलं असेल. विटला, फाटला, लाकडाच्या खुंटीला अडकून चिरला, असं म्हटलं असेल.

ओटीतल्या ब्लाउज पीसचाही तोच न्याय. कुणाचीही ओटी भरा, 80 सेंटिमीटरचा तुकडा. बारीक असो, जाड असो, मान सारखाच. फरक पडायचा तो शिवताना. थोराड बांध्याच्या बाईला 80 सेंटिमीटर पुरायचं नाही, मग बाह्या आखूड करा किंवा अस्तराच्या कापडातून पाठीचा जोड काढा. त्यामुळे आमच्याकडे काही ब्लाउज पीस शिवलेच जायचे नाहीत. या घरातून त्या घरात, एका हळदीकुंकवातून दुसऱ्यात ते फिरत राहायचे, आणि कधी तरी आपण दिलेला पोपटी तुकडा आपल्याच ओटीत परत यायचा. मास्तरांच्या दुकानात गंमत अशी की कापड मीटरमध्ये, साडी वारात आणि बाई इंचात. देशाने मेट्रिक मापं 1956 च्या कायद्याने घेतली, दुकानांतून वारपट्टी हळूहळू गेली, पण छाती-कंबर सेंटिमीटरमध्ये सांगणारी बाई मला अजून भेटायची आहे.

रेडिमेड आमच्याकडे आधी मुंबईतून आलं. मामा गिरणीत होते. गावी येताना ट्रंकेत गिरणीच्या कापडाचे तुकडे आणि दादरच्या फुटपाथवरून घेतलेले फ्रॉक असायचे, नेहमी दोन वर्षं पुढच्या मापाचे. पहिल्या वर्षी फ्रॉक नडग्यांपर्यंत, दुसऱ्या वर्षी बरोबर, तिसऱ्या वर्षी धाकटीला. 1982 च्या संपानंतर कापडाची ट्रंक बंद झाली आणि मामा कायमचे गावी आले. मोठ्या बायकांपर्यंत रेडिमेड पोचलं ते मॅक्सीच्या रूपाने. कोकणातल्या बाईच्या कपड्यांचा इतिहास कुणी लिहील तर त्यात मॅक्सीला मोठं प्रकरण द्यावं लागेल. सकाळी अंगणात झाडलोट करताना, माशेवालीशी घासाघीस करताना, खांद्यावर टॉवेल टाकून वाण्याकडे जाताना, सगळीकडे मॅक्सी. तिला साईज नाही, लिहिलेलंच असतं ‘फ्री साईज’. आजीच्या लुगड्यानंतर कोकणातल्या बाईच्या अंगाला इतकं मोकळं सोडणारं दुसरं काही आलं नाही. लोक तिला नावं ठेवतात. ठेवोत. मे महिन्यातल्या दमट दुपारी त्यांनी कटोरी ब्लाउज घालून चुलीपुढे घावणे काढून दाखवावेत.

मग पंजाबी ड्रेस आले, कुर्त्या आल्या, आणि कॉलरच्या आत शिवलेली ती छोटी अक्षरं आली. आईच्या ड्रेससाठी एल म्हणजे किती हे शोधायला बसले तर एका कंपनीचा एल 38, दुसरीचा 40. तिसरीच्या तक्त्यात आकडा अंगाचा आहे की कपड्याचा, तेच कळेना. ही अक्षरं, हे तक्ते आले कुठून, म्हणून आणखी मागे गेले तर पोचले थेट अमेरिकेच्या शेती खात्यात. आमच्याकडे शेती खातं आंब्याची कलमं आणि तुडतुड्यावरची फवारणी बघतं; तिकडे 1939-40 मध्ये त्याच खात्याच्या गृहशास्त्र विभागाने सुमारे 15 हजार बायका मोजल्या होत्या. प्रत्येकीची 59 मापं. टपालाने कपडे विकणाऱ्या कंपन्यांकडे न बसणारे कपडे परत यायचे, त्या तापावर काही तरी इलाज हवा होता. मोजून घ्यायला येणाऱ्या बाईला थोडे पैसे मिळायचे, त्यामुळे गरजू बायका जास्त आल्या. आणि अहवालात धरल्या त्या फक्त गोऱ्या बायका. या मोजणीच्या पायावर 1958 मध्ये तिथल्या सरकारी संस्थेने आकड्यांचा तक्ता काढला. त्यात 8 नंबर म्हणजे छाती 31 इंच, कंबर साडेतेवीस.

तो तक्ता पाळायची सक्ती नव्हती. 1970 मध्ये तो सुधारला, 1983 मध्ये काढूनच घेतला, आणि कंपन्यांना रान मोकळं झालं. बाईला लहान नंबर दाखवला की ती खूश होऊन कपडा घेते हे त्यांना उमगलेलंच होतं. माणसांचे देह वर्षागणिक भरत गेले आणि नंबर मात्र तोच राहावा म्हणून कपडे आतून मोठे होत गेले. 2008 च्या तिथल्या तक्त्यात तोच 8 नंबर छाती-कंबरेला पाच-सहा इंचांनी वाढलेला आहे. 1958 मध्ये तो 14 किंवा 16 म्हणून विकला गेला असता. सगळे नंबर असे सरकत गेल्यावर खालच्या टोकाला खरोखर बारीक असलेल्या पोरींसाठी आकडेच उरले नाहीत, मग शून्य काढलं, आणि त्याच्याही खाली दोन शून्यं. मापाच्या धंद्यात हे असं आहे. किलोभर मासळीला कुणी सव्वा किलो म्हटलं तर आमच्या मालवणच्या बाजारात दंगा होईल, पण इथे 40 इंचाला एम म्हटलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला घेऊन येतं. मीही येते. ज्या दुकानात मी एम असते त्या दुकानात माझा पाय जरा जास्त वळतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

हे सगळं कळूनही आईचा प्रश्न उरतोच, कारण तिचं अंग कुठल्याच तक्त्यात बसणारं नाही. कारखान्यात आधी एका मधल्या मापाचा नमुना पक्का करतात आणि मग ठरावीक अंतराने तो खाली-वर वाढवत नेतात, साधारण दोन-दोन इंचांनी. छातीबरोबर खांदा, मुंढा, बाही, सगळंच वाढतं. पण बाईचं अंग तसं वाढत नाही. छाती भरली म्हणून खांद्याचं हाड रुंद होत नाही. विहिरीचं पाणी ओढलेल्या, डोक्यावर भारे वाहिलेल्या बाईचा दंड जाड आणि मनगट बारीक. आयुष्यभर वाकून लावणी केलेल्या बाईची पाठ साठीनंतर पोक धरते, मग कपडा मागून वर उचलला जातो आणि पुढून लोंबतो. हे मास्तरांना बघताक्षणी कळायचं; मापाच्या ब्लाउजातच ते शिवलेलं असायचं.

आता आपल्या देशाचाही तक्ता येऊ घातलाय म्हणतात. वस्त्रोद्योग मंत्रालयाने निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेला काम दिलं: 25 हजारांवर माणसं, सहा शहरं, अंगाला हात न लावता मापं टिपणारे स्कॅनर. वाचून बरं वाटलं. बाकडं नाही, कॅलेंडरकडे बघणं नाही, मोठ्याने ओरडणं नाही. मग सहा शहरांची नावं पाहिली. पश्चिमेकडून मुंबई. म्हणजे कोकणातली बाई त्यात येईल ती मुंबईला राहायला गेली असेल तर, नेहमीसारखीच. आणि वयाची अट 15 ते 65. आई त्याच्याही बाहेर.

शेवटी मी एक्सएल साईजचा ड्रेस मागवला. छातीला बरोबर बसला, खांदे दंडावर उतरले, बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत आल्या आणि दंडाला मात्र आवळल्या. भाची घरातच लेडीज टेलरचं काम करते, तिच्याकडे नेला. तिने उलटा करून शिवण बघितली आणि मान हलवली. आत काहीच नव्हतं. कारखान्याचं मशीन शिवतानाच कडेचं कापड छाटून टाकतं. कापड वाचतं, कड साफ दिसते. असा कपडा दाबता येतो, सोडता येत नाही. भाचीने बाह्या कापल्या आणि त्याच तुकड्यांतून काखेत जोड घातले. तिची निम्मी कमाई आता अशाच दुरुस्तीची आहे. बिनबाह्यांच्या कुर्त्या येतात, बाह्यांचं कापड आत टाचलेलं असतं; ते काढून लावायचं. खांदे आत घ्यायचे. उंची कमी करायची. ती मला म्हणाली, “आत्या, लोक ड्रेस विकत घेतात आणि मग माझ्याकडे तोच पुन्हा शिवून घेतात.”

ड्रेस आईला आवडला. आता दुसरा हवा होता, पण शिवलेला. मी रत्नागिरीहून कापड आणलं, सुती, फिकट निळं. भाचीने आईला पडवीत उभं केलं आणि टेप काढला. मापाचा ब्लाउज नको का, म्हणून आईने एकदा आतल्या खोलीकडे बघितलं. “आजी, ब्लाउजावरसून ड्रेस कसो शिवू?” म्हणून भाचीने टेप लावलाच. पाठीवरून, काखेतून, दंडावरून. आकडे ती मोबाईलमध्ये बोलून टिपत होती. “छाती 41.” आईने तिचा हात धरला. “हळू बोल गो. भायर माणसा आसत.” बाहेर आमचा कुत्रा आणि नारळ सोलणारा गडी, बाकी कुणी नव्हतं.

मग मायेवरून वाद झाला. आईने सांगितलं, दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच ठेव. भाचीचं म्हणणं, कॉलेजच्या मुली तर म्हणतात अजिबात ठेवू नको, जाड दिसतं, आणि आजी, तू आता आणखी किती सुटणार आहेस? आई म्हणाली, औषधांनी सूज आली तर? त्याला उत्तर नव्हतं. दीड इंचावर तडजोड झाली. पण तेवढं कापड आत गेल्यावर खिशाला पुरेना. आईला खिसा हवाच होता, त्यात तिला मोबाईल, गोळ्यांची पट्टी आणि एसटीच्या सवलतीचं कार्ड ठेवायचं होतं. साडीला कंबरेशी खोचायला जागा असते, ड्रेसला काय असतं, असा तिचा सवाल. भाची म्हणते, वेगळ्या रंगाच्या अस्तराचा खिसा लावते. आई म्हणते, दिसेल. गेले काही दिवस फोनवर दोघींचं हेच चालू आहे, आणि ड्रेस बाह्यांशिवाय मशीनवर पडून आहे.